उधळपट्टीचा पंधरवडा

माझी बायको कुणालाही सांगते, की मी 'मोजायच्या नोकरीत' होतो. त्यामुळे तिच्या माहेरची माणसं मला भूमापन खात्यातला समजतात आणि लग्नाकार्यात गाठून शेताच्या बांधाची भांडणं सांगत बसतात. सुरुवातीला मी त्यांचा गैरसमज दूर करायचो. पुढे कंटाळलो. निवृत्तीनंतर तर मी बांधाची दोन भांडणं मिटवूनही दिली, आणि दोन्हीकडची मंडळी खूश आहेत. माझ्या खऱ्या कामानं इतकं समाधान कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

खरं काम असं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या सहकारी संस्था, शाळा, कॉलेजं, लहानसहान कार्यालयं यांना जुने कॉम्प्युटर काढून नवे घ्यायचे असले, की आमचं महामंडळ मदत करी. मुख्य अट ही, की ती खरेदी पर्यावरणाला धरून हवी. ती तशी आहे की नाही हे ठरवायला महामंडळ एक माणूस पाठवी, तो मी. त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी शेतीपंपाच्या मोटारी तपासत होतो. मोटार जास्त वीज खायला लागली की तापते, वास मारते, शेवटी जळून मोकळी होते. कॉम्प्युटर फार सभ्य. तो कुणी बघत नसताना, काही काम नसताना, चुपचाप खात बसतो. म्हणून तो मोजावा लागतो.

मोजायला माझ्याकडे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी होती. ती भिंतीतल्या सॉकेटात लावायची आणि कॉम्प्युटरची पिन तिच्यात खुपसायची. आत किती वीज गेली, ते आकड्यात दिसे. पेटीवर मी सही केलेली कागदी पट्टी चिकटवायचो, म्हणजे कुणी तिला हात लावू नये. याशिवाय संस्थेला तीन प्रश्न विचारायचे: यंत्र वीज किती खातं, किती वर्षं टिकेल, आणि मेल्यावर त्याचं काय करणार? तिसऱ्या प्रश्नाला आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत मला एकच उत्तर मिळालं, 'माळ्यावर ठेवू.' काही ठिकाणी तर मी शिडी लावून माळा बघून आलो. तिथे आधीच टाइपरायटर, सायक्लोस्टाइल मशीन आणि एका संस्थेत माजी अध्यक्षांचा अर्धपुतळा होता.

माणसं तऱ्हेवाईक भेटली. एका कार्यालयानं 'कागदविरहित कारभार' करण्याचा प्रस्ताव पाच प्रतींत पाठवला, वर सहपत्रांसह. तिथे आलेला प्रत्येक ई-मेल छापत, त्यावर 'ई-मेल मिळाला' असा शिक्का मारत, साहेबांची सही घेत आणि मग तो कागद स्कॅन करून ई-मेलनं पाठवणाऱ्याला परत पाठवत. मी म्हटलं, "यात कागद कुठे वाचला?" हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, पाकीट वाचलं ना!"

पण सगळ्यात मोठा विनोद आमच्याच फॉर्ममध्ये होता. त्यात गुण द्यायची रीत अशी: आधी लागणारी वीज वजा नवी यंत्रं आल्यावर लागणारी वीज. फरक जितका मोठा, तितके गुण जास्त. वर्ध्यातल्या एका संस्थेत वीसेक जुने कॉम्प्युटर सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालू असत. कारण विचारलं तर चौकीदार म्हणाला, "सायेब, स्क्रीनवर मासे पोहतात ना. बंद केले तं नातवायले काय दाखवू?" त्या माशांपायी आधीची वीज एवढी भरली, की चपटे नवे स्क्रीन येताच प्रचंड बचत झाली. संस्था पहिली आली. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मनात मात्र आलं, की आमचा फॉर्म वजन उतरवण्याची स्पर्धा आहे. जो आधीच बारीक आहे, त्याला इथे कोण विचारणार?

तो बारीक माणूस मला लवकरच भेटला. ती बाई होती.

हिंगणघाटकडच्या एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेचा, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या संस्थेचा, अर्ज आला होता. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती आणि आमच्याकडे लोडशेडिंगचा कहर होता. मी पोचलो तेव्हा लाइट गेलेली. कार्यालयात कापसाची बारीक धूळ तरंगत होती, आणि कोपऱ्यात एक बाई पूर्ण काळ्या, बंद स्क्रीनसमोर बसून भराभरा टाइप करत होती. तपासणीचा साहेब आला की काम करण्याचं सोंग आणणारी माणसं मी खूप पाहिली होती. पण बंद कॉम्प्युटरवर टाइप करण्याइतकं निर्लज्ज सोंग पहिल्यांदाच बघत होतो.

"बाई, लाइट नाही," मी म्हटलं.

"थांबा सायेब, चार पावत्या राह्यल्या," ती वर न बघता म्हणाली. चार पावत्या झाल्या, मग तिनं स्क्रीनचं बटन दाबलं. स्क्रीन उजळला. शेतकऱ्याचं नाव, गाव, कापसाचं वजन, सगळं ओळीनं भरलेलं. एक चूक होती ती तिनं सुधारली आणि स्क्रीन पुन्हा बंद करून टाकला.

ही पुष्पाताई. संस्थेची कॉम्प्युटर चालवणारी, आठ वर्षांपासून रोजंदारीवर. तिनं जे सांगितलं, ते मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बॅटरीवर चालतो. संस्थेची बॅटरी म्हातारी, दहा मिनिटांत मान टाकायची. सगळ्यात जास्त वीज खातो तो जुना पेटीसारखा स्क्रीन. तो बंद ठेवला, तर तीच बॅटरी दुप्पट वेळ टिकते. "मंग मी न पाहता टाइप कराले शिकली," ती म्हणाली. "पोळ्या लाटतानी आपन लाटण्याकडे कुठी पाह्यतो?"

तिच्याकडे तीन जुने कॉम्प्युटर होते. एक चालायचा, एक अधूनमधून चालायचा आणि तिसऱ्याचे भाग काढून ती या दोघांना बसवायची. कापसाची धूळ ती रोज भिंत रंगवायच्या ब्रशनं झाडायची. छापलेला कागद वाया गेला, तर मागची कोरी बाजू वापरायची. उठून पाणी प्यायला गेली, तरी स्क्रीन बंद. मी दिवसभर पेटी लावून ठेवली आणि संध्याकाळी आकडा बघून चष्मा पुसला. जिल्ह्यात इतक्या कमी विजेत इतकं काम मी कुठेच पाहिलं नव्हतं. आता गोम अशी होती, की माझ्या फॉर्मच्या दृष्टीनं ही आनंदाची नाही, वाईट बातमी होती.

संस्थेचे सचिव देवरावजी. साठीचे, पांढरा पायजमा, कानावर पेन. त्यांनी मला बाजूला घेतलं. "गजभिये साहेब, स्क्रीन नवे आले नाई आले, मले काई फरक पडत नाई. पन तुमच्या महामंडळाची थे अट आहे ना, का ज्या संस्थेले यंत्रं भेटतीन, तिनं एक ऑपरेटर कायम नेमलाच पायजे? आमच्या संचालकायनं ठराव घेतला आहे. मशिनी आल्या तं पुष्पाताई पक्की. नाई आल्या तं टायपाचं काम बाहेर देऊन टाकाचं, अन् ताईनं घरी बसाचं."

म्हणजे माझ्या फॉर्मवर एका बाईची नोकरी टांगलेली होती. मी त्यांना खरं ते सांगितलं: पंधरा दिवस पेटी सील करून लावणार, तो आकडा 'आधीची वीज' म्हणून धरणार, आणि आजच्यासारखा आकडा आला तर गुण मिळणार नाहीत.

देवरावजींनी कानावरचं पेन काढलं, फॉर्म दोनदा वाचला. "आधीची वजा नंतरची. असंच ना?"

"हो."

"नंतरची कमी कराची, थे कंपनीच्या हाती. मंग आधीची वाढवाची, थे आमच्या हाती नाई का?"

"देवरावजी, हे मी ऐकलं नाही."

"तुमाले आयकाले कोन सांगून राह्यलं? पेटी लावा, सही करा, अन् पंधरा दिवसांनी येजा."

मी दोन्ही कॉम्प्युटर पेटीवर घेतले, सही केली आणि एसटी पकडली. पुढचं सगळं मला त्यांच्या चपराशानं, शामरावांनी, नंतर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर परिपत्रक लागलं. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे: 'सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, पर्यावरण संवर्धनाच्या कामी पुढील पंधरा दिवस कार्यालयातील दोन्ही संगणक सलग चालू ठेवावेत. काम असो अथवा नसो. हयगय करणाऱ्यावर कारवाई केली जाईल.' हयगयीवर लक्ष ठेवायला शामरावांची नेमणूक झाली.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. कार्यालय दहा ते पाच, नंतर कापसाला आग लागायच्या भीतीनं मेन स्विच बंद. लोडशेडिंग दहा ते एक आणि पुन्हा तीन ते पाच. मधल्या दोन तासांत जेवणाची सुट्टी. उधळपट्टी करायला सगळे कंबर कसून तयार, पण उधळायला वीज कुठे होती? देवरावजी हार मानणारे नव्हते. त्यांनी गावातल्या मंडपवाल्याचा डिझेल जनरेटर आणवला. तो अंगणात असा काही भडभडायला लागला, की खिडक्यांची तावदानं हलायला लागली. कापूस घेऊन आलेले शेतकरी विचारत, "कोनाचं लगन आहे?"

"कम्प्युटरचं," शामराव सांगत.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. अंगणात डिझेल जळतं आहे. त्या डिझेलवर आत दोन कॉम्प्युटर काहीही न करता चालू आहेत. आणि हे सगळं पर्यावरण वाचवण्याच्या योजनेत बसावं म्हणून. योजनेवर आमच्या महामंडळाचा शिक्का, आणि पेटीवर माझी सही.

दुसरी अडचण पुष्पाताई. तिला सगळं समजावून सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. नोकरी तिचीच पक्की व्हायची होती. घरी दोन मुली शिकत होत्या, नवरा जिनिंगमध्ये हंगामापुरता कामाला. पण रिकामा स्क्रीन चालू दिसला, की तिचा हात बटनाकडे जायचा. शामराव म्हणाले, "मी चालू करू, अन् थे बंद करे. दिवसभर आमचा तोच धंदा. जनरेटर बाहीर बोंबलून राह्यला, अन् आतमंदी अंधार."

देवरावजींनी तिचं टेबल व्हरांड्यात, कॉम्प्युटरकडे पाठ करून लावलं. ती तिथे बसून हातानं पावत्या लिहायची आणि पाच-दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून आत जाऊन यायची. तिसऱ्या दिवशी खऱ्या लग्नाची सुपारी आली आणि मंडपवाला जनरेटर घेऊन गेला. शेवटी देवरावजींनी तिला हात जोडून सांगितलं, "ताई, तुमी दोन दिवस घरी राहा. तुमच्याच भल्याचं आहे." ती राहिली. पण कापसाचा ऐन हंगाम. दुसऱ्या कुणाला पावत्या भरता येईनात. दुपारपर्यंत गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली, शेतकरी खवळले. शामराव सायकल दामटत तिला आणायला गेले. ती आली, सगळ्यात आधी दोन्ही स्क्रीन बंद केले आणि मग काळ्या स्क्रीनवर पावत्यांचा ढीग संपवायला बसली.

उरलेले दिवसही असेच गेले. पंधरा दिवसांनी मी सील फोडलं. आकडा माझ्या पहिल्या दिवसाच्या हिशेबापेक्षाही खाली होता.

"पेटी बिघडली असन," देवरावजी म्हणाले आणि तिला एक टपली मारली. मी पिशवीतून बल्ब काढला, पेटीला लावून दाखवला. पेटी ठणठणीत होती. पुष्पाताई दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"काऊन केलं ताई असं?" देवरावजींच्या आवाजात राग नव्हता, रडकुंडी होती.

"म्या ठरवलं होतं भाऊ. हात मांडीखाली दाबून बसली होती मी. पन वीज फुकट जळतानी पाहवत नाई. दूध उतू जातानी दिसलं तं कोनी बसून राह्यते का? हातच जाते." आणि ती रडायला लागली. शामराव तिला पाणी द्यायला उठले आणि जाता जाता, तिच्या सवयीची लागण झाल्यासारखे, पंखा बंद करून गेले.

देवरावजी माझ्याजवळ सरकले. "साहेब, एक शून्य टाका ना मांगून. कोनाचं काई जात नाई."

खरंच कुणाचं काही जात नव्हतं. वर्ध्याला येणाऱ्या एसटीत मी फॉर्म मांडीवर घेऊन बसलो. एक गोल काढायचा होता. त्या चौकीदाराच्या माशांना मी गुण दिले होतेच की. पण माझा आकडा कधी कुणी खोटा ठरवला नव्हता, आणि आमच्या कार्यालयात तो माझा मान होता. गोल काही माझ्या हातून निघाला नाही. त्यात प्रामाणिकपणा किती होता आणि तोरा किती होता, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. तोराही बराच होता, असं आता वाटतं.

फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असे. तिथे बारीक अक्षरात, समासातही शिरून मी लिहिलं, की या संस्थेत बचत आधीच झालेली आहे, ती एका रोजंदारी कर्मचाऱ्यानं केली आहे, आणि तिला कायम करणं हीच जिल्ह्यातली सगळ्यात पर्यावरणपूरक गुंतवणूक ठरेल. फॉर्म घेऊन मी स्वतः नागपूरला आमच्या वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शेरा वाचला, चहा मागवला, माणूस भला होता.

"शेऱ्याला गुण नाहीत, गजभिये."

"साहेब, या संस्थेला तर बक्षीस द्यायला हवं."

"कशाबद्दल? त्यांनी काहीच कमी केलेलं नाही."

"कमी करायला त्यांच्याकडे काही उरलेलंच नाही."

"मग अर्ज कशाला केला?" साहेबांनी विचारलं, आणि हे ते खरोखरच्या कुतूहलानं विचारत होते.

प्रस्ताव 'अपात्र' झाला. हंगाम संपल्यावर संस्थेनं टायपिंगचं काम बाहेर देऊन टाकलं. पुष्पाताईला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते सांगायचं काम देवरावजींनी शामरावांवर ढकललं आणि स्वतः दोन दिवस आजारी पडले.

पुढच्या वर्षी साहेबांनी मला बोलावून घेतलं. कार्यालयात वीज कशी वाचवावी, यावर महामंडळाला पुस्तिका काढायची होती आणि ती मी लिहावी असं ठरलं होतं. मी दोन दिवसांत लिहून दिली. मला विचार करावाच लागला नाही. उठताना स्क्रीन बंद, धूळ रोज झाडा, एका मशीनचे भाग दुसऱ्याला, कागदाची मागची बाजू, बॅटरीवर काम कसं करावं, सगळं त्या बाईचं. लेखक म्हणून नाव माझं. पुस्तिका जाड, गुळगुळीत कागदावर छापली, प्रत्येक पान एकाच बाजूला. सगळीकडे पुस्तिकेचं कौतुक झालं. मला एक शाल मिळाली.

हिंगणघाटच्या फेरीत मी पत्ता विचारत पुष्पाताईच्या घरी गेलो. ती आता घरी साड्यांना पिको-फॉल करून देत होती. मी पुस्तिका दिली आणि म्हटलं, "ताई, हे सगळं तुमचंच आहे. नाव तेवढं चुकून माझं पडलं." हे वाक्य मी वाटेत तयार करून ठेवलं होतं, आणि बोलल्यावर ते फारच वाईट वाटलं.

तिनं हात पदराला पुसले, पुस्तिका घेतली आणि उभ्याउभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मी खुर्चीवर बसून होतो. मधेच एकदा ती हसली, बहुतेक ब्रशच्या पानावर. वाचून झाल्यावर तिनं पुस्तिका मिटली.

"चांगलं लिवलं सायेब. आता हे किती कार्यालयाईत जाईन?"

"सगळ्या जिल्ह्यात."

तिनं पुस्तिका शिलाई मशीनवर ठेवली. मग विचारलं, "सायेब, हे वाचून तिथली एखांदी बाई असंच कराले लागली, तं तिलेही मंग घरी बसवतीन का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला त्या न पाहिलेल्या बाईची खरीच काळजी वाटत होती. सगळ्या नोकरीत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. पण तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "नाही ताई, तिला कशाला बसवतील?"